औषधयोजना, सुरक्षित व परिणामकारक

औषधयोजना, सुरक्षित व परिणामकारक : रोग्याच्या विकाराचे निदान करून त्यास योग्य औषध, योग्य मात्रेत, आवश्यक त्या कालावधीपर्यंत व परवडेल अशा किमतीत मिळावे, या हेतूने वैद्याने केलेली उपचाराची आखणी म्हणजे औषधयोजना होय. ही आखणी ज्या कागदावर लिहिली जाते त्याला औषधचिठ्ठी वा प्रिस्क्रिप्शन म्हणतात. चिठ्ठीवर रोग्याचे नाव, वय व शक्य तर वजन, औषधाचे मूळ नाव, त्याची शक्ती, एका वेळची मात्रा, दोन मात्रांमधील अंतर, एकूण दिवस आणि लिहिणाऱ्याची स्वाक्षरी व नोंदणी क्रमांक असणे आवश्यक मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये नैरोबी येथे भरविलेल्या तज्ञांच्या परिषदेत विवेकी औषधवापराची जी व्याख्या स्वीकारली गेली, तिच्यातही हीच अंगे येतात.

औषध निर्दोष असणे आणि औषधाची निवड निर्दोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील या विषयाच्या इतिहासात त्यांची वाटचाल सारख्या वेगाने झालेली दिसत नाही. बाटलीतील द्रव्याच्या शुद्धतेवर कायद्याचे नियंत्रण १९४० च्या दशकातच आले. चिठ्ठीवरील निर्णयाची पडताळणी करण्याची व्यवस्था मात्र फार उशिरा व अपुऱ्या स्वरूपात निर्माण झाली. या विलंबाची किंमत मुख्यत्वे मुंबई व तिच्या भोवतालच्या दाट वस्तीच्या औद्योगिक पट्ट्यातील रोग्यांना द्यावी लागली.

पार्श्वभूमी : औषधयोजनेच्या जबाबदारीची जाणीव भारतीय वैद्यकात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्य, औषध, परिचारक व रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून पूर्णपणे न जाणलेले औषध हे विष, शस्त्र वा अग्नी यांसारखे घातक ठरते, असा इशारा दिला आहे. देश, काल, वय, बल व प्रकृती यांचा विचार करून मात्रा ठरवावी, हे तत्त्वही तेथे आढळते.

आधुनिक वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय यांच्या स्थापनेने सुरू झाले. मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदणी १९१२ च्या कायद्याने, तर वैद्यांची नोंदणी १९३८ च्या कायद्याने होऊ लागली. त्या काळी बहुतेक औषधे दवाखान्यातच तयार होत. डॉक्टर सूत्र लिही, कंपाउंडर त्याप्रमाणे मिश्रण करी आणि बाटलीवर मात्रा दाखविणारी कातरलेली कागदी पट्टी चिकटवून ती रोग्याच्या हाती देई. आपण काय घेत आहोत, हे रोग्यास सहसा कळत नसे. तथापि डॉक्टर व कंपाउंडर एकाच छपराखाली असल्यामुळे शंका आल्यास ती तत्काळ विचारता येई. कारखान्यात तयार झालेल्या गोळ्या व इंजेक्शने प्रचारात आल्यावर लिहिणारा व देणारा यांची फारकत झाली आणि चिठ्ठी हाच त्या दोघांमधील एकमेव दुवा उरला.

औषधांवरील नियंत्रण : पहिल्या महायुद्धानंतर बनावट व निकृष्ट औषधांचा, विशेषतः हिवतापावरील भेसळयुक्त क्विनिनाचा, सुळसुळाट झाला. त्यामुळे सरकारने १९३० मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. तिच्या शिफारशींतून पुढे १९४० चा औषध अधिनियम, १९४५ ची नियमावली व १९४८ चा औषधनिर्माण व्यवसाय अधिनियम हे कायदे झाले. नियमावलीच्या ‘एच’ अनुसूचीतील औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. १९५५ मध्ये भारतीय औषधिकोश व १९६० मध्ये राष्ट्रीय औषधसूत्रसंग्रह प्रसिद्ध झाला. याच सुमारास पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन होऊन पेनिसिलिनाचे देशी उत्पादन सुरू झाले आणि प्रतिजैव औषधे सामान्य डॉक्टरांच्या आवाक्यात आली.

शुद्ध औषधही अयोग्य रोग्यास दिले असता अनर्थ ओढवतो, याचा प्रत्यय जगाला थॅलिडोमाइड प्रकरणात आला. गरोदर स्त्रियांना मळमळीवर दिलेल्या या औषधामुळे अवयव खुरटलेली हजारो बालके जन्मली व १९६१ मध्ये ते अनेक देशांतून मागे घेण्यात आले. त्यानंतर औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या. भारतात मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे अशा नोंदीच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. सध्याचा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला.

निवडीचा प्रश्न भारतात प्रथम ठळकपणे मांडला तो जयसुखलाल हाथी समितीने. १९७५ च्या अहवालात तिने आवश्यक औषधांची मर्यादित यादी करावी व व्यापारी नावांऐवजी मूळ नावे वापरावीत, असे सुचविले. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांची पहिली नमुना यादी प्रसिद्ध केली. भारताची राष्ट्रीय यादी मात्र १९९६ मध्ये तयार झाली.

जे. जे. रुग्णालयातील दुर्घटना : शुद्धतेवरील नियंत्रणही कागदोपत्री राहिल्यास काय होते, हे १९८६ मध्ये मुंबईत दिसून आले. कवटीतील वा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल तोंडाने देण्याची पद्धत वैद्यकशास्त्राला मान्य होती. त्यानुसार जे. जे. रुग्णालयात ते दिले गेले आणि १४ रोगी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. पुरविलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य होते. याच द्रव्यामुळे अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइडाच्या द्रवरूप औषधाने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती व त्यातूनच तेथील १९३८ चा कठोर कायदा झाला होता. मुंबईतील घटनेची चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केली. त्यांच्या अहवालात खरेदी, तपासणी व शासकीय नियंत्रण या तिन्ही पातळ्यांवरील दोषांवर कडक ताशेरे आहेत. येथे चिठ्ठी बरोबर होती. औषध चुकीचे होते. यानंतरच्या दशकात पुढे आलेली आपत्ती याच्या नेमकी उलट, म्हणजे औषधे बरोबर व चिठ्ठी चुकीची, अशा स्वरूपाची होती.

क्षयरोग व धारावीतील पाहणी : मद्रास येथील क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे सिद्ध झाले की, औषधे नियमित घेतल्यास घरी राहून होणारा उपचार आरोग्यधामातील उपचाराइतकाच गुणकारी असतो. यामुळे लाखो रोग्यांची सोय झाली. परंतु त्याचबरोबर क्षयोपचाराचा भार आरोग्यधामातून गल्लीतील दवाखान्यावर व तेथे लिहिल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर आला.

क्षयाच्या उपचारात चिठ्ठीचे महत्त्व विशेष आहे. फुप्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. त्यांपैकी सुमारे दहा लाखांत एक जंतू आयसोनियाझिडास, तर सुमारे दहा कोटींत एक जंतू रिफँपिसिनास निसर्गतःच दाद देत नाही. एकच औषध दिल्यास इतर जंतू मरतात व हे प्रतिरोधी जंतू वाढून त्यांचेच प्राबल्य होते. अनेक औषधे एकत्र दिली असता सर्वांना प्रतिरोध करणारा जंतू आढळण्याची शक्यता नगण्य होते. म्हणून आरंभीचे दोन महिने आयसोनियाझिड, रिफँपिसिन, पायराझिनामाइड व एथँब्युटॉल ही चार औषधे व पुढील चार महिने त्यांपैकी निवडक औषधे, रोग्याच्या वजनानुसार मात्रा ठरवून द्यावी लागतात. आयसोनियाझिडाची प्रौढांची दैनिक मात्रा दर किलोग्रॅम वजनास सु. ५ मिग्रॅ. व रिफँपिसिनाची सु. १० मिग्रॅ. असते. वजन न करता लिहिलेली चिठ्ठी त्यामुळे अपुरीच ठरते. मात्रा कमी पडणे, औषध मध्येच बंद होणे आणि गुण येत नाही म्हणून एकेक नवे औषध जोडत जाणे, या तिन्ही चुकांनी प्रतिरोधी जंतूंचे संवर्धन होते.

मुंबईतील फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेचे मुकुंद उपळेकर यांनी धारावीतील खाजगी डॉक्टरांची केलेली पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या क्षयरोग्यासाठी उपचार लिहून देण्यास सांगितले असता १०० डॉक्टरांनी ८० निरनिराळ्या योजना लिहिल्या. त्यांतील बहुसंख्य अयोग्य व खर्चिक होत्या. वास्तविक राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ पासून चालू होता, मान्य योजना थोड्याच होत्या आणि औषधे दुकानात मिळत होती. उणीव होती ती लिहिणाऱ्यापर्यंत मान्य योजना पोहोचविण्याची व त्याने लिहिलेले कोणीतरी तपासण्याची. याच संस्थेने अनंत फडके व त्यांच्या सहकाऱ्यांकरवी सातारा जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा व वापर यांचा अभ्यास करून १९९५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. अनावश्यक औषधे लिहिण्याची सवय महानगरापुरती मर्यादित नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

सुमारे दोन दशकांनी, २०१० मध्ये, झरीर उदवाडिया, उपळेकर व सहकारी यांनी मुंबईतील खाजगी डॉक्टरांबाबत असाच अभ्यास पुन्हा प्रसिद्ध केला. त्यात १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या योजना लिहिल्या व केवळ ६ जणांची चिठ्ठी बरोबर आढळली. अधिक औषधे अधिक काळ देण्याकडे कल दिसून आला. त्याच सुमारास, डिसेंबर २०११ मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील याच वैद्यगटाने तपासणीतील सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी नोंदविले. त्यांतील तिघांना पूर्वी अनेक खाजगी डॉक्टरांनी दुसऱ्या फळीतील औषधे एकेक करून व बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत दिली होती. ‘संपूर्ण प्रतिरोधी’ या संज्ञेबद्दल तज्ञांत वाद झाला व ती जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली नाही. परंतु अशा रोग्यांचे अस्तित्व वादातीत होते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर : धारावीतील परिस्थिती अपवादात्मक नव्हती. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील ठाणे जिल्ह्यातील ही तीन शहरे हे याचे बोलके उदाहरण होय. उल्हासनगरची वसाहत दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांतून उभी राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला सध्याचे नाव मिळाले. आजही शहराचे भाग क्रमांकाच्या ‘कँप’ या नावानेच ओळखले जातात. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती असून त्यांत रसायने व औषधे तयार करणारे कारखाने आहेत. औषधाचा घटक जेथे तयार होतो त्याच पट्ट्यात ते औषध लिहिणारा दवाखाना, विकणारे ‘मेडिकल’ व घेणारा कामगार एकमेकांशेजारी नांदतात.

येथील रोग्यापुढे अनेक वाटा असतात. शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय व कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय उल्हासनगर येथे आहे. तथापि, मुंबई परिसरात सर्वत्र आढळते त्याप्रमाणे, किरकोळ आजारासाठी कामगार प्रथम घराजवळच्या खाजगी दवाखान्यात वा थेट औषधाच्या दुकानात जातो. रुग्णालयातील रांगेसाठी दिवसाचा खाडा होतो. दवाखाना संध्याकाळी उघडा असतो. एका दिवसात उभे राहायचे असल्याने इंजेक्शनाची वा ‘जोरदार’ गोळीची मागणी होते. रोगी दुसरीकडे जाईल या भीतीने डॉक्टर ती पुरवितो आणि दोन दिवसांनी ताप उतरताच प्रतिजैव औषधाच्या उरलेल्या गोळ्या घरात पडून राहतात. एका दवाखान्यातील चिठ्ठी दुसऱ्यास ठाऊक नसते. त्यामुळे सर्दीच्या गोळीतील व तापाच्या गोळीतील पॅरासिटामॉल एकाच दिवशी पोटात जाऊन यकृतास अपाय होण्याचा संभव असतो. प्रौढांस त्याची कमाल दैनिक मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते.

लिहिण्याचा अधिकार : दवाखान्यांत विविध वैद्यकपद्धतींचे पदवीधर आधुनिक औषधे देत असल्याने, औषध कोणी लिहावे हा प्रश्नही न्यायालयांपुढे आला. मुंबईतील एका होमिओपॅथी व्यावसायिकाने आधुनिक प्रतिजैव औषधे दिल्यानंतर रोगी दगावल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये असा निर्णय दिला की, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय. पुढे २०१४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून, आधुनिक औषधिविज्ञानाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी पदवीधरांना मर्यादित मुभा दिली. डॉक्टरांच्या तुटवड्यावरील उपाय म्हणून तिचे समर्थन झाले, तर रोग्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी तिला विरोध केला.

सुधारणा : २०१२ नंतर चिठ्ठीकडे शासनाचे लक्ष वळले. मे २०१२ मध्ये प्रत्येक क्षयरोग्याची नोंद शासनास कळविणे खाजगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही नवी अनुसूची लागू झाली. तिच्यात प्रगत प्रतिजैव औषधे व क्षयावरील औषधांसह ४६ औषधे होती. ती विकताना दुकानदाराने लिहिणाऱ्याचे व रोग्याचे नाव, औषध व त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. २०१६ मध्ये औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा व्यावसायिक आचारनियम झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने ३४४ अशास्त्रीय संयुक्त औषधांवर बंदी घातली. न्यायालयीन वादानंतर फेरतपासणी होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवरील बंदी नव्याने जाहीर करण्यात आली. क्षयाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ मध्ये दिवसाआड औषधे देण्याची पद्धत बंद करून वजनगटानुसार दररोज एकत्रित गोळ्या देण्यास सुरुवात झाली. यामुळे मात्रा चुकण्याची वा एकच औषध घेतले जाण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली.

चांगल्या औषधयोजनेची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये एका मार्गदर्शिकेत मांडली. रोग्याचा प्रश्न निश्चित करणे, उपचाराचे उद्दिष्ट ठरविणे, निवडलेले औषध या विशिष्ट रोग्यास चालेल का हे पाहणे, चिठ्ठी लिहिणे, रोग्यास समजावून सांगणे व नंतर परिणाम तपासणे, अशा तिच्या सहा पायऱ्या आहेत. दैनंदिन व्यवसायात तिसरी व पाचवी पायरी बहुधा गाळली जाते. रिफँपिसिनाने लघवी नारिंगी होते हे आधी न सांगितल्यास रोगी घाबरून औषध सोडतो. त्याच औषधाने संततिप्रतिबंधक गोळ्यांचा प्रभाव घटतो. एथँब्युटॉल घेणाऱ्याची दृष्टी मंदावल्यास औषध त्वरित थांबवून वैद्याकडे जावे लागते. ही माहिती देण्यास दोन मिनिटे लागतात; ती न दिल्यास सहा महिन्यांचा उपचार वाया जाऊ शकतो.

औषध व चिठ्ठी ही दोन्ही नियंत्रणे एकाच वेळी निष्फळ ठरल्याचे उदाहरण २०२५ मध्ये घडले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या एका द्रवरूप औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूर येथे आणले होते. त्या औषधात पुन्हा डायएथिलीन ग्लायकॉलच आढळले. शिवाय ज्या संयुक्त प्रकारचे ते औषध होते तो चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच दिली होती. कारखान्यातील तपासणी झाली असती तर विष बाजारात आले नसते. सूचना दवाखान्यापर्यंत पोहोचून पाळली गेली असती, तर शुद्ध असो वा अशुद्ध, ते औषध लहान बालकांच्या चिठ्ठीवर आलेच नसते.

कायद्याने दुकानदाराची नोंदवही व कारखान्याची प्रयोगशाळा तपासता येते. दवाखान्यात डॉक्टर व रोगी यांच्यामध्ये होणारा निर्णय तपासण्यास मात्र औषधचिठ्ठ्यांची नियमित पाहणी, व्यावसायिकांचे निरंतर शिक्षण, शंका आल्यास डॉक्टरांना विचारण्याची मुभा व धैर्य असलेला औषधविक्रेता आणि प्रश्न विचारणारा रोगी यांची जोड लागते. धारावीतील पाहणीने १९९१ मध्ये दाखविलेली उणीव हीच होती. ती भरून काढण्याचे कार्य महाराष्ट्रात सुरू झाले असले, तरी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांसारख्या कामगारवस्तीतील लहान दवाखान्यापर्यंत ते कितपत पोहोचते, यावरच त्याचे यश अवलंबून आहे.